पत्त्यांची वही

नांगर करणाऱ्या कारखान्याने मासिक काढलं, ही मराठी व्यापाराच्या इतिहासातली मला फार मोलाची वाटणारी घटना आहे. महिना जानेवारी, साल १९२०, गाव किर्लोस्करवाडी, मासिकाचं नाव ‘किर्लोस्कर खबर’. आज छोट्या धंद्याची प्रसिद्धी कशी करावी हे शिकवणारे वर्ग तालुक्याच्या गावीसुद्धा भरतात. गिऱ्हाइकाला आल्या आल्या ‘घ्या’ म्हणू नका, आधी त्याच्या कामाचं काही सांगा, नेमाने लिहा, चित्रं दाखवा, त्याला बोलतं करा, असं तिथे सांगतात. ते सगळं खरं आहे. ‘खबर’ काढणाऱ्या शंकर वासुदेव किर्लोस्करांनी हेच किर्लोस्करवाडीच्या माळावर बसून शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. मी सांगलीत उभी हयात छापखाना चालवला, पानवाल्यापासून पेढीवाल्यापर्यंत सगळ्यांची हस्तपत्रकं पायाने चालवायच्या ट्रेडलवर छापली. त्यामुळे ‘खबर’ची गोष्ट मला वाङ्मयाची वाटण्याआधी धंद्याची वाटते, आणि ती धंद्याच्या अंगाने नीट सांगितली गेलेली नाही असं मला वाटत आलंय.

मासिकाआधी नांगर समजून घ्यायला हवा. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण डोळ्यांना काही रंग ओळखू येईनात म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. मुंबईहून ते सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकायचे. १८८८ सालचं ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ म्हणजे मुळात हे सायकलींचं दुकान. नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले, कडबा कापायचं यंत्र केलं, आणि मग लोखंडी नांगर.

इथे गाडं अडलं. लाकडी नांगर जमीन उकरतो, पालथी घालत नाही. लोखंडी नांगर खोल जातो, ढेकूळ उलटं करतो, हरळीच्या मुळ्या उन्हावर आणून टाकतो. पण त्याला ओढायला बैल जास्त लागतात, पैसा जास्त पडतो, आणि गावच्या सुताराला तो दुरुस्त करता येत नाही. वर आणखी एक भीती होती, की लोखंड लागलं की जमिनीत विष उतरतं. पिढ्यान् पिढ्या लाकडावर शेती केलेल्या माणसाने असं म्हणावं यात नवल नाही. त्याच्यासाठी जमीन हे एकदाच मिळालेलं भांडवल होतं, ते एका अनोळखी वस्तूवर लावायचं कशाच्या भरवशावर? तयार झालेले पहिले नांगर पडून राहिले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडजवळची जमीन दिली आणि १९१० च्या मार्चमध्ये किर्लोस्करवाडी वसली. निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला, पण शेतकऱ्याच्या मनातली भीती जागा बदलल्याने जाणार नव्हती.

या अडचणीवर वर्तमानपत्रातली जाहिरात पुरी पडत नाही. ‘मजबूत, टिकाऊ, किफायतशीर’ एवढंच तीन इंच स्तंभात मावतं, आणि हे तीन शब्द प्रत्येकजण छापत असतो. शेतकऱ्याला हवं होतं ते वेगळंच. हा नांगर कोणाच्या रानात चालला, जमीन काळी होती की मुरमाड, बैलांच्या किती जोड्या लागल्या, फाळ झिजला तर नवा कुठून आणायचा, हे त्याला विचारायचं होतं. एवढं बोलायला जागा लागते आणि सवड लागते.

शंकरराव हे लक्ष्मणरावांचे पुतणे. हाताने चित्रकार. ‘शंवाकि’ या सहीने पुढे त्यांची व्यंगचित्रं घरोघरी पोचली. कारखान्याच्या जाहिरातीचं काम त्यांच्याकडे होतं. तिकडे अमेरिकेत नांगर करणारी जॉन डीअर कंपनी १८९५ पासून ‘द फरो’ नावाचं पत्र शेतकऱ्यांसाठी काढत होती आणि मोटारी करणाऱ्या फोर्ड कंपनीने १९०८ साली ‘फोर्ड टाइम्स’ काढलं होतं. त्या जातीचं पत्र मराठी मातीत रुजवलं शंकररावांनी. सुरुवातीला त्यात कारखान्याच्या मालाची माहिती, एजंटांसाठी खबरबात, अवजारांचा वापर असा मजकूर असायचा. पण त्यांनी लवकर ओळखलं की नुसत्या मालाची माहिती माणूस एकदा वाचतो. दुसऱ्या महिन्यात त्याने पुन्हा पाकीट फोडावं असं वाटत असेल, तर त्यात त्याच्या संसाराचं, त्याच्या पोराच्या शिक्षणाचं, त्याच्या हिमतीचं काहीतरी हवं.

आणि ते वाचणार कोण? १९२१ च्या जनगणनेत देशातली साक्षर माणसं शंभरात सातच्या आसपास होती. म्हणजे नांगर धरणारा शेतकरी बहुधा निरक्षरच. पण गावात शाळामास्तर असायचे, तलाठी असायचा, इंग्रजी चार इयत्ता शिकून परत आलेला एखादा पाटलाचा मुलगा असायचा. एकाने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं ही रीत पोथीमुळे गावात होतीच. शंकररावांचा पहिला वाचक माझ्या मते हा मधला माणूस होता. ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे त्याच्याशी दर महिन्याला बोलत राहायचं. आजच्या भाषेत अशा माणसाला इन्फ्लुएन्सर म्हणतात आणि त्याला पैसे देतात. त्या काळी त्याला वाचनीय अंक मिळायचा, एवढंच.

पुढे काय झालं ते मराठी वाचकाला माहीत आहे. नावातली ‘खबर’ गळाली, नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं. १९३० साली ‘स्त्री’ निघालं, १९३४ साली ‘मनोहर’. ‘गोट्या’ लिहिणारे ना. धों. ताम्हनकर किर्लोस्करवाडीतच काम करत. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले आणि त्यांवर घराघरांत भांडणं झाली. नांगराच्या खपासाठी सुरू झालेलं पत्र विधवेच्या केशवपनापासून जातिभेदापर्यंत बोलू लागलं. कुणी म्हणेल, मग नांगराचं काय? नांगराला याचा फायदाच झाला असं मी धरतो. ज्या घरात ‘स्त्री’ आणि ‘किर्लोस्कर’ येत, त्या घराला किर्लोस्कर हे नाव परकं उरलं नव्हतं. किर्लोस्करांचा पंप घ्यायची वेळ आली की तो ओळखीच्या माणसाकडून घेतल्यासारखा वाटायचा.

हे सगळं टपालावर उभं होतं, आणि त्याकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही. व्ही. पी. म्हणजे माल हातात घेऊन पोस्टमनला पैसे द्यायची सोय हिंदुस्थानात १८७७ साली आली. मनीऑर्डर १८८० साली पोस्टाकडे आली. या दोन गोष्टींनी खेड्यातला माणूस मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक झाला. पनवेलला १८७२ साली सुरू झालेल्या धूतपापेश्वरची औषधं, गिरगावातली पुस्तकं, कराडजवळच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील, सगळ्यांना गावोगावच्या गिऱ्हाइकाचा पत्ता हवा होता. व्ही. पी. सोडवली की पेढीच्या वहीत एक नाव चढायचं: नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका. पुढच्या वर्षीचं सूचिपत्रक त्याच पत्त्यावर. मासिकाची वर्गणीदारांची वही हीही त्यातलीच. छापखान्यात रॅपरवर पत्ते लिहिणारा एक माणूस असायचा, त्याचं अक्षर गावोगावच्या पोस्टमनना ओळखू यायचं. कारखाना जळो, बुडो, ती वही शाबूत असेल तर धंदा पुन्हा उभा करता येतो, असं जुने व्यापारी म्हणत. मी ते अनेकांच्या तोंडून ऐकलंय आणि मला ते पटतं.

ज्यांना मासिक काढायची ऐपत नव्हती त्यांच्यासाठी आम्ही होतो. छोट्या दुकानदाराचं माध्यम म्हणजे हस्तपत्रक. त्याच्याही आधी दवंडी होती. हलगी वाजवत गावातून फिरणारा माणूस लिलाव, बाजार, जत्रा, हरवलेली म्हैस, सगळं एकाच सुरात सांगायचा. दवंडी ऐकली नाही असं कोणी म्हणू शकत नसे, पण ती ऐकल्यावर हातात काही उरत नसे. पत्रक हातात उरायचं. निदान पुडी बांधायला तरी उरायचं.

पत्रक कसं व्हायचं ते सांगतो, कारण ते पाहिलेली माणसं आता कमी होत चाललीत. गिऱ्हाईक वहीच्या फाटक्या पानावर मजकूर घेऊन यायचं. ‘आमचे येथे सर्व प्रकारचे’ ही सुरुवात ठरलेली, आणि ‘एक वेळ अवश्य भेट द्या’ हा शेवट ठरलेला. तळाला ‘आमची कोठेही शाखा नाही’. मी डाव्या हातात जुळणीची पट्टी, म्हणजे स्टिक, धरायचो आणि उजव्या हाताने केसमधून, म्हणजे खान्यांच्या पेटीतून, एकेक अक्षराचा खिळा उचलायचो. इंग्रजीची केस त्या मानाने सुटसुटीत, मराठीची अंगणाएवढी पसरलेली. काने, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, प्रत्येकाचं घर वेगळं. आमच्याकडचे जुने खिळे निर्णयसागर छापखान्याच्या वळणाचे होते, जावजी दादाजींनी ज्या वळणाला सबंध मराठी मुलखाचा डोळा सरावून दिला त्या वळणाचे. त्यातला ‘श्री’ सगळ्यांत झिजलेला, कारण प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर तोच. जुळणी झाली की गॅलीवर बांधायची, प्रूफ काढायचं, चेसच्या चौकटीत आवळायचं आणि ट्रेडलच्या पायटीवर पाय ठेवायचा. कागद पातळ गुलाबी किंवा पिवळा, डेमी आकाराच्या कागदाचा आठवा भाग. पहिलं हजार महाग पडायचं कारण त्यात जुळणीची मजुरी असायची. दुसरं हजार म्हणजे नुसता कागद आणि शाई. म्हणून गिऱ्हाईक गरज नसताना जास्त छापून घ्यायचं. मग पहाटे पेपर टाकणाऱ्या पोरांच्या हातात गठ्ठे जायचे, नाहीतर बाजाराच्या दिवशी रिक्षातून कर्ण्याच्या आवाजाबरोबर उधळले जायचे.

उधळले जायचे, हाच त्याचा दोष. कोणी वाचलं, कोणी नाही, कोणाला काय विचारायचं होतं, याचा दुकानदाराला पत्ता लागत नसे. खप वाढला तर तो पत्रकामुळे की दिवाळीमुळे हे कोणाला सांगता यायचं नाही.

तासगावकडचा एक औषध-बियाण्यांचा दुकानदार मात्र वेगळा निघाला. त्या भागात द्राक्षबागा वाढत होत्या तेव्हाची गोष्ट. त्याने माझ्याकडून पत्रक दोन्ही बाजूंनी छापून घेतलं. पुढच्या बाजूला दुकानाचं नाव आणि पत्ता, अगदी लहान. मागच्या बाजूला एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपर्यंत आणि पुढे माल निघेपर्यंत कोणत्या आठवड्यात काय बघायचं याचा तक्ता. डाऊनी, भुरी हे रोग कसे ओळखायचे. एक टक्का बोर्डो मिश्रण करायचं तर मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. मजकूर बारीक होता, माझी जुळणी लांबली. मी त्याला म्हटलं, “अण्णा, यात तुमच्या मालाचा भाव कुठाय?” तो म्हणाला, “भाव दुकानात सांगीन की. हे पत्रक त्यानं गोठ्यात टांगलं पाहिजे.” तळाला त्याने एक ओळ घालायला लावली, पत्रक घेऊन या आणि बागेची अडचण सांगा. जे येत, त्यांचं नाव, गाव, बागेचं क्षेत्र आणि अडचण तो लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहून घ्यायचा. पुढच्या वर्षी तक्ता बदलून आला, कारण आदल्या वर्षी बागायतदारांनी जे विचारलं ते त्यात घातलेलं होतं. पुढे कित्येक बागांत गेलो की छपराच्या वाशाला माझ्या छापखान्यात छापलेला तो पिवळा कागद सुतळीने टांगलेला दिसायचा.

या माणसाने ‘खबर’ पाहिलं होतं का, मला माहीत नाही. पण नांगर आणि मोरचूद यांच्या मधलं हे नातं मला त्या दिवसापासून दिसतं.

बाकीची माध्यमं मी भराभर सांगतो. थिएटरात सिनेमा सुरू व्हायच्या आधी काचेच्या स्लाइडवर गावातल्या सराफाचं नाव झळकायचं. पेंटर लोक भिंतीवर खडूने आखून गेरूने नि पिवळ्या रंगाने अक्षरं काढायचे. त्यांतल्या काहींची अक्षरं कोणत्याही छापखान्याला लाजवतील अशी होती. ‘मनोरंजन’ मासिक काढणारे का. र. मित्र यांनी १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा घातली आणि तेव्हापासून शुभेच्छांच्या अर्ध्या पानावर कितीतरी छोट्या पेढ्यांनी आपलं नाव जपलं. दुकानदार दिवाळीत देवाच्या चित्राचं कॅलेंडर वाटायचे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं आणि पानाच्या पाठीवर वाचायला मजकूर दिला. तारखेसाठी घेतलेला कागद माणूस उलटून वाचत बसतो, हे त्यांनी ओळखलं. बाकी कॅलेंडरं भिंतीवर वर्ष काढायची, हे वाचलं जायचं.

नव्वदच्या दशकात डीटीपी आलं आणि आमच्या केसा बंद झाल्या. खिळे वजनावर विकले गेले. संगणकावर श्रीलिपीत जुळवलेला मजकूर आमच्या यंत्रावर सुरेख दिसायचा, पण तोच दुसऱ्याच्या यंत्रावर पाठवला की तिथे तो फॉन्ट नसला तर नुसती चिन्हांची रांगोळी. युनिकोड येऊन रुळल्यावर हे मिटलं. कोणत्याही यंत्रावर लिहिलेलं मराठी कुठेही मराठीच दिसू लागलं. या एका गोष्टीचे उपकार मोठे आहेत. ती झाली नसती, तर सांगलीच्या बाईने लिहिलेल्या दोन ओळी ठाण्याच्या फोनवर कशा उमटल्या असत्या? मग २०१६ मध्ये इंटरनेट स्वस्त झालं, त्याच वर्षी यूपीआय आलं, २०१८ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने धंद्यासाठी वेगळं ॲप काढलं. पत्र, व्ही. पी. आणि मनीऑर्डर ही तिन्ही कामं एका फोनात आली. २०२० च्या टाळेबंदीत दुकानं मिटली तेव्हा ज्यांनी कधी जाहिरात केली नव्हती अशा घरांतून पापड, मेतकूट, भाजणी, गोधड्या यांचे फोटो येऊ लागले. गल्लीतल्या बायकांनी पोट भरायचा नवा रस्ता शोधला आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

माझी भाची हळद विकते. घरची थोडी हळद, बाकीची ओळखीच्या शेतकऱ्यांची. सांगलीची हळदीची पेठ मोठी, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पेठेतला व्यापार पोत्यांचा, हिचा पाव किलोच्या पाकिटांचा. सुरुवातीला ती रोज भाव टाकायची. लोक बघून पुढे जायचे. मी तिला एवढंच विचारलं की लोकांना हळदीबद्दल काय माहीत नाही. ती दोन दिवस विचार करत बसली आणि मग फोन घेऊन हरिपूरला गेली.

हरिपूर सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथल्या जमिनीत हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली मोठी कोठी, तोंड अरुंद, आत घेर रुंद. आतून पाल्याचा थर द्यायचा, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती. आत हवा खेळत नाही म्हणून किडा धरत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. ज्योत विझली तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही, अजून थांबायचं. ज्योत टिकली तरच माणूस उतरायचा. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं गेली. आता हळद शीतगृहात राहते.

ही माहिती तिने एका म्हाताऱ्या हमालाच्या तोंडून वदवून घेतली. कंदील सोडताना हात कसा हलवायचा नाही, हे तो रिकाम्या हाताने करून दाखवतो. त्यात हळदीचं पाकीट कुठेही नाही, भाव नाही, फोन नंबरसुद्धा नाही. तो व्हिडिओ माणसांनी एकमेकांना पाठवला. माहेर हरिपूरचं असलेल्या एका बाईंनी परदेशातून लिहिलं की त्यांच्या आजोबांचं पेव होतं, त्याच्या तोंडावर उभं राहिलं म्हणून लहानपणी मार खाल्ला होता. त्यांनी हळद मागवली, बहिणींना सांगितलं. मग भाचीने हळकुंडं कशी शिजवतात, उन्हात कशी वाळवतात, पॉलिशच्या ड्रममध्ये फिरून वरची साल कशी जाते, हे एकेक दाखवलं. पेलाभर पाण्यात चिमूटभर हळद टाकून दाखवली. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळलेली असेल तर पाणी गडद होतं. कुणी विचारलं की लोणच्याला कोणती, तर त्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात. तासगावचा तो तक्ता मला दर वेळी आठवत होता.

मग एका सकाळी एका माध्यमावरचं तिचं खातं उघडेना. नियम मोडला म्हणून बंद केलं, एवढाच निरोप, कोणता नियम ते नाही. दाद मागायला माणूस नाही, खिडकी नाही, पत्ता नाही. वर्षभराचे व्हिडिओ, लोकांचे प्रश्न, त्या परदेशातल्या बाईंची आठवण, सगळं एका दिवसात तिच्या हातून गेलं. ती रडली आणि मलाही फार वाईट वाटलं. जून २०२० मध्ये सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होतं. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरापोरींचा प्रेक्षक त्या रात्री असाच नाहीसा झाला होता. कारण वेगळं, पण गमावलेली वस्तू एकच.

मला यात इतिहासातला खरा फरक दिसतो. किर्लोस्करवाडीत वर्गणीदारांची वही किर्लोस्करांची होती. तासगावच्या दुकानदाराची लाल वही त्याच्या गल्ल्याखाली होती. व्ही. पी. नेणारं पोस्ट खातं पत्ता वाचायचं, माल पोचवायचं, पैसे आणून द्यायचं, पण गिऱ्हाईक आपलंच आहे असं म्हणत नसे. आजचं माध्यम पोच अफाट देतं, तीही फुकट वाटावी अशी, आणि वही स्वतःकडे ठेवतं. तुमचं पान लाखांना दाखवायचं की पाचांना, हे तेच ठरवतं. ज्यांनी तुम्हाला मनापासून पाहिलं त्यांची नावं तुम्हाला देत नाही. छोट्या धंद्याने हे माध्यम वापरू नये असं मी म्हणत नाही. माझ्या भाचीने वापरलं नसतं तर हरिपूरचा तो हमाल कोणाला दिसला नसता. पण शंकरराव आज असते तर त्यांनी आधी वही मागितली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खातं गेल्यावर तिला आधार मिळाला तो व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीचा. त्या यादीची एक खुबी आहे. एका यादीत २५६ पेक्षा जास्त माणसं घालता येत नाहीत, आणि तुमचा नंबर ज्याने आपल्या फोनात जपून ठेवलाय त्यालाच तो निरोप पोचतो. यादी लहान राहते, पण तिच्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी तुमचं नाव हाताने लिहिलेलं असतं. वर्गणीदाराच्या जवळ जाणारं या नव्या जगात मला एवढंच सापडलं.

आता तिच्याकडे वही आहे. मीच तिला रेघा मारून दिली: नाव, मुक्काम, पिन, काय नेलं. शेवटचा रकाना मी रुंद ठेवला, त्यात काय विचारलं ते लिहायचं. ती आधी हे फोनातच ठेवू म्हणत होती, मग तिला कागदाची गोडी लागली. हिवाळ्यात लोक दुधात घालायच्या हळदीबद्दल विचारतात, मार्चपासून लोणच्याच्या हळदीबद्दल, लग्नसराईत हळकुंडांबद्दल, हे तिला त्या रकान्यातून कळलं. शेतकऱ्याकडून कोणता माल कधी उचलायचा हे ती आता त्यावर ठरवते.

या दिवाळीच्या प्रत्येक पार्सलात एक चार पानी पत्रक घालायचं असं आम्ही ठरवलंय. ऑफसेटवर छापून घ्यायचं, एका जुन्या मित्राच्या प्रेसमध्ये. मजकुरावरून आमचं बरंच वाजलं. पेवात कंदील कसा सोडायचा यावर मी पाऊण पान लिहिलं होतं. ती म्हणाली, “मामा, चार ओळी पुरेत. बाकी फोटो घालूया, लोक फोटो बघतात.” मी म्हटलं, “अगं, फोनात फोटो बघतात. पार्सल उघडल्यावर चहा होईपर्यंत बाई हातात येईल ते वाचते.” शेवटी मजकूर पाऊण पानच राहिला, हमालाचा फोटो मागच्या पानावर गेला, वहीतल्या शेवटच्या रकान्यातले सात प्रश्न उत्तरांसह मधल्या दोन पानांवर आले, आणि त्यासाठी जागा करायला दराचा तक्ता आम्ही काढून टाकला.